कालुपिले: रेयुनियन बेटावरचे सहा दिवस

पहिला दिवस, सोमवार १५ डिसेंबर

आईंच्या पर्समध्ये कढीपत्ता आहे हे मला रोलाँ गारोस विमानतळावर, कस्टमच्या टेबलासमोर कळलं. निघताना मंदारने त्यांना दोनदा सांगितलं होतं, ताजा पाला, फळं, दूधदुभतं काही चालणार नाही. "पाला म्हणजे भाजी. हा कढीपत्ता आहे," असं आईंचं म्हणणं. वर्तमानपत्राची घडी उलगडली तशी टेबलामागच्या बाईंनी डहाळी उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, "कालुपिले!" मग ती सरळ कचऱ्याच्या पिंपात टाकली. भाजणीचं पीठ मात्र सुटलं.

कालुपिले म्हणजे तमिळमधला करुवेप्पिलै. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो बोटीतून इकडे आला आणि जिभेवर झिजत झिजत असा झाला. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी फ्रेंच शिकले, पण हा शब्द तिथे कुणी शिकवला नव्हता.

मुंबईहून सहा तासांवर मॉरिशस, तिथून पाऊण तासावर रेयुनियन. दोन बेटांत जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरचं पाणी, तरी दोन वेगळी जगं. मॉरिशसला रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं गेली, त्यामुळे तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. रेयुनियन फ्रेंचांचं, तिथे मजूर गेले ते मुख्यतः तमिळ मुलखातले. मराठी माणूस या बेटावर औषधालाही सापडत नाही. मला इथे यायचं होतं त्याचं कारण थोडं तेच. आपली माणसं नाहीत, पण आपल्या वस्तू आहेत असं ऐकलं होतं.

विमानतळाबाहेर पडलं की फ्रान्स सुरू होतं. पाट्या फ्रेंच, पोस्टाच्या पेट्या पिवळ्या, नोटा युरो. पॅरिस इथून नऊ हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे, पण १ जानेवारी २००२ ला युरो चलनात आला तेव्हा घड्याळात पुढे असल्यामुळे त्यातली पहिली खरेदी म्हणून गाजली ती इथली. सँ-दनीच्या महापौरांनी बाजारात जाऊन लिची घेतल्या. आम्हीही त्या संध्याकाळी रस्त्याकडेच्या गाडीवरून लिचीचा जुडगा घेतला. डिसेंबर म्हणजे भर हंगाम. इथे लिची फांदीसकट, पानांसकट विकतात.

दुसरा दिवस, मंगळवार

राजधानी सँ-दनी पायी बघण्याजोगी आहे. र्‍यू द पारी या रस्त्यावर वसाहतकाळातल्या लाकडी हवेल्या आहेत, पागोळीला कातरलेल्या झालरी लावलेल्या. रस्ता उतरत समुद्रापाशी जातो. तिथे बाराश्वा नावाच्या किनाऱ्यावर जुन्या तोफा आणि वैमानिक रोलाँ गारोसचा पुतळा आहे. टेनिसच्या स्टेडियममुळे जगाला माहीत झालेला हा माणूस टेनिसपटू नव्हताच. तो १८८८ मध्ये या गावात जन्मला आणि विमानं उडवण्यासाठी गाजला. मंदारला हे ठाऊक नव्हतं. तो दिवसभर जरा खट्टू होता.

समोर प्रीफेक्त्युर. एके काळी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं कोठार आणि गव्हर्नरचा वाडा, आता प्रीफेचं कार्यालय. इथला कारभार मला समजावला आमच्या घरमालकिणीने, संध्याकाळी ओट्यावर, वाटाणे सोलता सोलता. या बाई निवृत्त शिक्षिका.

"आम्ही परदेश नाही, आम्ही जिल्हा आहोत," त्या म्हणाल्या. १९ मार्च १९४६ च्या कायद्याने वसाहत संपली आणि रेयुनियन फ्रान्सचं देपार्तमाँ झालं. स्वातंत्र्य मागायच्या ऐवजी बेटाने बरोबरी मागितली, आणि ती मागण्यात पुढे होते डावे. गव्हर्नर गेला, पॅरिसने नेमलेला प्रीफे आला, आपल्या कलेक्टरसारखा पण त्याहून वजनदार. शिवाय लोकांनी निवडलेली जिल्हा परिषद वेगळी आणि प्रादेशिक परिषद वेगळी. गंमत अशी की प्रदेशात जिल्हा एकच. म्हणजे त्याच जमिनीवर, त्याच मतदारांच्या दोन परिषदा, दोन अध्यक्ष, दोन इमारती. त्याखाली २४ नगरपालिका. पॅरिसच्या संसदेत ७ खासदार आणि ४ सिनेटर. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत मत. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात, मात्र बेट नाही, त्यामुळे व्हिसा वेगळा.

"आणि हा कांदा बघा," बाई म्हणाल्या. कांद्याचा भाव ऐकून आईंनी कपाळाला हात लावला. बरंचसं सामान बोटीने मुख्य फ्रान्समधून येतं आणि बाहेरून येणाऱ्या मालावर एक कर बसतो, त्याचं नाव ऑक्त्र्वा द मेर. मी थबकले. ऑक्ट्रॉय! मुंबईच्या नाक्यांवरची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, आणि ती या बेटावर अजून सुखाने नांदते आहे. तिच्यावर नगरपालिका चालतात, म्हणून ती कुणी काढत नाही. स्थानिक कारखान्यांना ती हवी असते, गिऱ्हाइकाला नको असते. २०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्सभर पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं तेव्हा इथे रस्ते दिवसेंदिवस अडले आणि अर्ध्या बेटावर संचारबंदी लागली. महागाई आणि बेकारी, दोन्ही कारणं जुनीच.

बाईंच्या बोलण्यात फ्रान्सबद्दल तक्रार होती, पण ती घरच्या माणसाबद्दल असते तशी. फक्त एका ठिकाणी आवाज बदलला. १९६२ ते १९८४ या काळात दोन हजारांवर मुलं सरकारने इथून उचलून मुख्य फ्रान्समध्ये नेली, पुष्कळशी क्रूझसारख्या ओसाड पडत चाललेल्या ग्रामीण जिल्ह्यांत. आईवडिलांना सांगितलं शिक्षण मिळेल, सुट्टीत परत येतील. कित्येक शेतावर राबली, कित्येकांना आपली भावंडं कुठे आहेत ते कळलं नाही. माजी पंतप्रधान मिशेल देब्रे तेव्हा इथले खासदार होते, आणि हे सगळं त्यांच्या आशीर्वादाने चाललं. फ्रेंच संसदेने नैतिक जबाबदारी मान्य केली ती २०१४ मध्ये. "आमच्या वर्गात एक बाक रिकामा झाला होता," एवढंच बाई म्हणाल्या आणि सोललेले वाटाणे आत घेऊन गेल्या.

तिसरा दिवस, बुधवार

पूर्व किनारा. ऊसतोड संपत आलेली. जाळीच्या अवजड ट्रॉल्या उसाच्या चिपाट्या सांडत चाललेल्या, कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटावं. इथे साखर कारखाने मात्र दोनच उरलेत, पूर्वेला ब्वा-रूझ आणि दक्षिणेला गोल.

सँत-सुझानला व्हॅनिलाची बाग बघितली. व्हॅनिला ही ऑर्किडची वेल, मूळची मेक्सिकोची. १८१९ च्या सुमारास ती इथे आणली, वाढली, फुलली, पण शेंग धरेना, कारण तिकडची मधमाशी इकडे नव्हती. जवळजवळ वीस वर्षं वेल नुसती शोभेची. बेल्जियममध्ये एका वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागीभवन करून दाखवलं होतं, पण शेतात जमेल अशी ती रीत नव्हती. ती सापडली १८४१ मध्ये, इथेच, बेलिये-बोमाँ नावाच्या जमीनदाराच्या मळ्यावर, एदमाँ नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाला.

हंगाम सरत आला होता, पण माहिती देणाऱ्या मुलीने एक उशिराचं फूल शोधलं. पिवळसर हिरवं, बोटभर, मेणासारखं. हे एकच सकाळ उमलतं, दुपारी मिटून जातं. तिने डाव्या हाताच्या बोटांत फूल धरलं, उजव्या हातातल्या काडीने ओठासारखी पाकळी फाडली, आतला पातळ पडदा वर उचलला आणि अंगठ्याने वरचा पराग खालच्या चिकट भागावर दाबला. झालं. दोन-तीन सेकंद. आईंनी "परत दाखव" म्हटलं, पण दुसरं फूल नव्हतं. हे काम करणाऱ्या बाईला इथे मारियझ म्हणतात, लग्न लावणारी. शेंग भरायला नऊ महिने लागतात. मग ती गरम पाण्यात बुडवायची, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, उन्हात, मग सावलीत वाळवायची आणि पेटीत महिनोन्महिने मुरू द्यायची. हिरव्या शेंगेला वास नसतो.

त्या रीतीवर काही दशकांत रेयुनियन जगातल्या मोठ्या व्हॅनिला-उत्पादकांत गेलं. आज मादागास्करची व्हॅनिलासुद्धा 'बूरबाँ' नावाने विकली जाते, आणि बूरबाँ हे या बेटाचं जुनं नाव. एदमाँला काय मिळालं? १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा स्वातंत्र्य आणि एक आडनाव, आल्बियुस. मुळाशी लॅटिनमधला 'पांढरा'. काळ्या पोराला हे आडनाव कुणी, कोणत्या मूडमध्ये दिलं असेल याची कल्पना करता येते. एका नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे शोध आपलाच असल्याचा दावा केला. बेलिये-बोमाँ मात्र शेवटपर्यंत एदमाँच्या बाजूने लिहीत राहिला, हे त्याच्या खात्यावर टाकायला हवं. एदमाँ पुढे चोरीच्या आरोपात तुरुंगात गेला, शिक्षा माफ होऊन सुटला आणि १८८० मध्ये दारिद्र्यात वारला.

दुपारी सँतांद्रे. हा मालबारांचा गाव. मालबार म्हणजे केरळचे नव्हेत. इथे सगळ्याच दक्षिण भारतीय हिंदूंना हा शब्द चिकटला. कारैकल, पाँडिचेरी आणि पुढे मद्रासहून पाच-पाच वर्षांच्या करारावर आलेल्या मजुरांचे हे वंशज. कोलोसच्या देवळाचं गोपुर उसाच्या शेतातून एकदम वर येतं. पुजाऱ्यांना थोडं तमिळ येत होतं, भक्तांना जवळपास नाहीच. रविवारी चर्च आणि थैपूसम या मुरुगनच्या सणाला कावडी असं कित्येक घरांत चालतं. नावंही तशीच, पुढे फ्रेंच संत आणि मागे तमिळ पूर्वज. ज्याँ-पोल विरापुले अनेक वर्षं या गावचे महापौर होते. २००३ ची घटनादुरुस्ती झाली तेव्हा इतर सागरपारच्या जिल्ह्यांना काही बाबतींत स्वतःचे नियम करायची मुभा मिळाली. विरापुलेंच्या दुरुस्तीने रेयुनियनला त्यातून वगळलं, म्हणजे आम्हाला वेगळेपणा नको, पुरतं फ्रान्स हवं. वीरप्पुळ्ळै म्हणावं असं आडनाव असलेल्या माणसाने हे करावं, यावर मी परतीच्या वाटेवर बराच वेळ विचार करत होते.

त्याआधी सँत-रोझला लाव्हाचं देऊळ, म्हणजे चर्च, पाहिलं. एप्रिल १९७७ मध्ये पितों द ला फुर्नेझ या ज्वालामुखीचा लाव्हा गावात शिरला, घरं गिळली, चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळला. काळा दगड अजून भिंतीला टेकून आहे. आईंनी पायऱ्यांवर चपला काढल्या. कुणी काही म्हटलं नाही.

चौथा दिवस, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आईंनी हे तिकीट काढतानाच बजावलं होतं. "उद्यापन चुकणार नाही." आणि आम्ही त्या दिवशी सिलाओसच्या घाटात.

घाटाला चारशेवर वळणं आहेत. वळणांबद्दल अधिक लिहीत नाही, मंदार वाचणार आहे.

वर पोचल्यावर मात्र गप्प व्हायला होतं. विझलेल्या ज्वालामुखीचा कोसळलेला वाडगा, चहूबाजूंनी हजार मीटरचे कडे आणि डोक्यावर ३,०७० मीटरचा पितों दे नेझ. आपला सह्याद्री उभा चिरून आतून बघितल्यासारखं. पावसाच्या बाबतीत मात्र सह्याद्रीने इथे हार मानावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तो आपण जन्मभर सांगतो. जानेवारी १९६६ मध्ये या बेटावर फॉक-फॉकला २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला, आणि तो जागतिक विक्रम आहे.

या कड्यांमध्ये पळालेले गुलाम राहत, त्यांना मारों म्हणत. त्यांना पकडायला बक्षीस होतं, आणि मेला असेल तर पुरावा म्हणून कापलेला हात आणायचा. पळालेल्यांची नावं मात्र डोंगरांना राहिली: माफात, सिमेंदेफ, आंशँग. सिलाओसचा अर्थही मालागासी भाषेत 'जिथून हलायचं नाही अशी जागा' असा सांगतात. शेजारच्या माफातच्या खोऱ्यात आजही गाडीरस्ता नाही, पायी जा नाहीतर हेलिकॉप्टरने. खाली मळ्यावर राहिलेल्यांना १८४८ मध्ये कारकुनांनी रजिस्टर उघडून आडनावं वाटली, काही गावांची, काही महिन्यांची, काही निव्वळ थट्टेची. पळाले त्यांची नावं नकाशावर, राहिले त्यांची कारकुनाच्या मर्जीवर. आल्बियुस आठवला.

आईंच्या कलशाला पाच पत्री हव्या होत्या. मुक्कामाच्या घरच्या आजोबांना मी कसंबसं समजावलं. ते उठून परसात गेले आणि आंबा, पेरू, फणस, लिची आणि, काय सांगू, कालुपिलेची डहाळी घेऊन आले. आंब्याची पानं वर, मधोमध नारळ, तांब्याऐवजी जामची बरणी. पाच फळांत लिची आणि अननस. कहाणी आईंनी फोनवर न बघता म्हटली. आजोबा दारात टोपी काढून उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, ही मारियम्मन का? मी सांगितलं, लक्ष्मी. "लाक्षिमी," ते म्हणाले, "माझ्या आजीचं नाव." ते स्वतः चर्चला जाणारे, नाव फ्रेंच, रंग सावळा, डोळे हिरवट. आजी कुठली, कोण, याहून जास्त त्यांना माहीत नव्हतं.

उपास सोडायला भात, सिलाओसची प्रसिद्ध बारीक मसूर आणि टोमॅटोचं रुगाय, म्हणजे झणझणीत कोशिंबीरच. इथलं रोजचं ताट हेच: भात, कडधान्य, कारी, रुगाय. कारी म्हणजे मांसमच्छीचा रस्सा, शाकाहाऱ्याने ती वगळायची. हळदीला हे लोक साफ्रां म्हणतात, केशर. आईंना हे अजिबात पटलं नाही. "केशराच्या भावात हळद विकत असतील," म्हणाल्या.

पाचवा दिवस, शुक्रवार

घाट उतरलो (मंदार पुढच्या सीटवर, डोळे मिटून) आणि सँ-पोलच्या समुद्रकाठच्या बाजारात आलो. समोसे, मिरचीचे वडे, आशार म्हणजे लोणचं. समोसा आणला सुरतेकडच्या गुजराती मुसलमानांनी. त्यांना इथे झाराब, म्हणजे अरब, म्हणतात. पुन्हा नावाचा घोळ.

बाजारापलीकडे दर्यावर्दींचं कब्रस्तान. तिथे कवटी आणि हाडांची खूण असलेली एक कबर आहे, समुद्री लुटारू ला ब्यूझची म्हणून दाखवतात. त्याला १७३० च्या जुलैत सँ-पोलला फाशी दिलं. त्याची मोठी लूट ऐकून मी ताठ बसले. एप्रिल १७२१, सँ-दनीच्या बंदरात वादळाने मोडलेलं एक पोर्तुगीज जहाज उभं होतं, गोव्याहून लिस्बनला निघालेलं. आत हिरे, कापड आणि गोव्याचा मावळता व्हाइसरॉय, एरिसेराचा काउंट. ला ब्यूझ आणि त्याच्या साथीदाराने जहाज उचललं आणि व्हाइसरॉयला खंडणी घेऊन सोडलं. म्हणजे ज्या काळात कोकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांनी पोर्तुगीजांची झोप उडवली होती, त्याच काळातली ही गोष्ट. लोक तो खजिना अजून शोधतात.

गोवा इथे आणखी दोनदा भेटतो. ज्याच्या नावावरून या बेटांना मास्कारेन म्हणतात तो पेद्रू मास्कारेन्यस म्हातारपणी गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि १५५५ मध्ये तिथेच वारला. आणि सतराव्या शतकात, बेटावर मूठभर फ्रेंच आणि मादागास्करची माणसं होती तेव्हा, ज्या पहिल्या बायका आल्या त्यांत पोर्तुगीज भारतातल्या काही होत्या. जुन्या गोऱ्या घराण्यांच्या वंशावळीत या पणज्या बसलेल्या आहेत. बेटावर मूळचं कुणीच नव्हतं, माणूस पहिल्यांदा राहायला आला तोच १६०० नंतर, त्यामुळे इथे सगळेच पाहुणे. फक्त कुणी स्वखुशीने आलं आणि कुणी साखळीने.

संध्याकाळी किनाऱ्याच्या नव्या रस्त्याने परत. समुद्रातच खांब रोवून बांधलेला ५.४ किलोमीटरचा पूल, २०२२ मध्ये खुला झालेला, कारण कड्याखालच्या जुन्या रस्त्यावर दरडी कोसळतात. वाटेत ग्रांद शालूपचं लाझारे पाहिलं. करारी मजुरांना बोटीतून उतरवून आधी इथे विलगीकरणात ठेवत. लांबट दगडी कोठड्या, बाहेर समुद्राचा आवाज. ब्रिटिशांनी १८८२ मध्ये भारतातून माणसं पाठवणं थांबवलं, हाल ऐकून.

सहावा दिवस, शनिवार २० डिसेंबर

आज फेत काफ. १८४८ मध्ये याच तारखेला फ्रेंच सरकारने पाठवलेल्या सार्दा गारिगाने गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं आणि ६०,००० हून जास्त माणसं मोकळी झाली. मोकळी म्हणजे, मळ्यावर कामाचा करार केल्याचा कागद जवळ ठेवायच्या अटीवर. बेटावर सार्वजनिक सुट्टी, गावोगाव चूल आणि ढोल.

रात्री बाराश्वावर मालोया. गुलामांचं गाणं, एक म्हणणार, बाकीचे झेलणार, पायाला ताल. कित्येक वर्षं सरकारला हे खपत नव्हतं. गाणारे कम्युनिस्ट, स्वायत्तता मागणारे. १९८१ नंतर ते मोकळं झालं आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. वाद्यं तीन-चार: पिंपाचा ढोल रुलेर, तारेचं बोब आणि कायांब. हे कायांब म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची दोन पदरी चपटी चौकट, आत बिया.

घरमालकीणबाई आम्हाला गर्दीत शोधत आल्या, त्यांच्या भाचीच्या हातात कायांब होतं. तिने ते आईंपुढे धरलं. आईंनी नऊवारी सावरली, दोन्ही हातांनी चौकट उचलली, अंगठे वर, कोपरं अंगाशी, आणि झटका दिला. बिया पुढे गेल्या, मागे आल्या. सर्र, सर्र.

"अगं, हे तर पाखडणं झालं," त्या मला म्हणाल्या.

भाची हसली, आईंचे हात धरून चौकट आडवी केली आणि डोक्याने ताल दाखवला. तीन ठोके, मग अर्धा. आईंना तो अर्धा सापडेना. पुन्हा पुन्हा त्या सुपासारखं वर उडवत होत्या, आणि ढोलवाला, त्यांच्याकडे बघत, हळू वाजवायला लागला.